वाचक विचारतात : थाट पाठ झाले, गाणं कुठे गेलं?

प्रश्न : गाणं लहानपणापासून ऐकते, शिकले मात्र कधीच नाही. निवृत्तीनंतर मुलीने संगीतशास्त्राचं प्रवेशिकेचं पुस्तक आणून दिलं. दहा थाट, आरोह-अवरोह, वादी-संवादी, सगळं पाठ केलं. आता मैफलीत बसले की डोकं राग शोधत राहतं आणि गाणं निसटून जातं. ह्यांचं म्हणणं, "कशाला त्या भानगडीत पडतेस, नुसतं ऐक की!" शास्त्राचा नाद सोडावा का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, नाद सोडू नका. थाटांचं प्रकरण तेवढं तूर्त मिटून ठेवा. मी तबलजी. गाणाऱ्याच्या शेजारी बसून पोट भरणारा माणूस, त्यामुळे पुस्तकाकडे थोडं तिरकं पाहण्याची मला सवय आहे, हे धरून पुढचं वाचा.

पंडित विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) यांनी गावोगावी फिरून चिजा (बंदिशी) गोळा केल्या, राग तपासले आणि त्यांची वर्गवारी दहा थाटांत, म्हणजे सात-सात स्वरांच्या दहा साच्यांत लावली. काम अफाट आहे. पण थाट म्हणजे कपाटाचे खण. वस्तू कुठे ठेवली ते खणावरून कळतं, वस्तू कशी आहे ते नाही. भूपच घ्या. सा रे ग प ध, एवढे पाच स्वर. मध्यम-निषाद (म, नी) वर्ज्य, म्हणजे लावायचेच नाहीत. पुस्तकात तो कल्याण थाटात. आता कल्याण थाटाची खूण म्हणजे तीव्र मध्यम (चढा म), आणि भूपात मध्यम मुळात नाहीच! देसकारालाही नेमके हेच पाच स्वर, पण तो बिलावल थाटात. पाठांतर करणारा इथे गोंधळणारच, आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

हीच जोडी तुम्हाला मी अभ्यासाला देतो. दोन्ही राग एकापाठोपाठ ऐका. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. गायक कुठेही फिरून आला तरी गंधारावर टेकतो. मुख्य मुक्काम सप्तकाच्या खालच्या अंगात. देसकार सकाळचा, वरच्या अंगाचा. त्याचं ठाण धैवतावर, तिथून तार षड्जाकडे, वरच्या 'सा'कडे झेप. गंधारावर जास्त रेंगाळलं तर भूप डोकावायला लागतो, म्हणून चांगला गायक तिथून लगबगीने निघतो. हे एकदा कानाला पटलं की "भूपाचा वादी गंधार, देसकाराचा वादी धैवत" ही पुस्तकातली ओळ पुन्हा वाचा (वादी म्हणजे रागाचा मुख्य स्वर). ओळ तीच, पण आता तिच्यामागे ऐकलेलं काहीतरी असेल. शास्त्र या क्रमाने शिकावं असं माझं ठाम मत आहे : आधी कान अडखळू द्यायचा, मग पुस्तक उघडायचं. परीक्षेला यमनवर दोन पानं लिहिणारी आणि शेजारच्या खोलीत चाललेला यमन न ओळखणारी मुलं मी भरपूर पाहिली आहेत.

आणखी एक. तुम्ही सांगलीच्या, म्हणजे मिरज हाकेच्या अंतरावर. तिथल्या सतारमेकरांकडे जाऊन सुरात लावलेला तंबोरा एकदा जवळून ऐका. चार तारा : एक पंचमाची, दोन जोडीच्या ('सा'च्या), एक खर्जाची (खालच्या 'सा'ची). घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी, म्हणजे तारेचा झंकार, नेमकी साधली की खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो. गंधाराची तार तिथे नसते, तरी तो येतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो पकडायला वेळ लागेल, लागू द्या. तो सापडल्यावर भूप लावा आणि गायकाचा गंधार तंबोऱ्यातल्या गंधाराशी कसा मिळतो ते पाहा. मालकंसात पंचम वर्ज्य, म्हणून तंबोऱ्याची पंचमाची तार मध्यमावर उतरवतात. गायकाने तोंड उघडण्याआधीच हवा बदललेली जाणवते. रागाचं नाव कळलं नाही तरी चालेल, हा बदल चुकवू नका.

राहिलं ह्यांचं म्हणणं. पुढच्या मैफलीत त्यांच्याकडे जरा लक्ष ठेवा. त्यांची मान डोलते, हात मांडीवर पडतो, तो बहुतेक वेळा समेवरच, तालाच्या पहिल्या मात्रेवर. म्हणजे शास्त्र त्यांच्याही अंगात मुरलेलं आहे, नाव तेवढं माहीत नाही. हे त्यांना सांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

प्रश्न : तीनताल मोजता येतो, पण ख्यालातला विलंबित एकताल हातातून सुटतो. बारा मात्रा कुठे हरवतात कळत नाही. — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मोजू नका, बोल ऐका. धिं धिं धागे तिरकिट, तू ना क त्ता, धागे तिरकिट धी ना. तिरकिट दोनदा येतं, चौथ्या आणि दहाव्या मात्रेला. खुणेचे दगड तेच. पहिलं की दुसरं, हे डग्गा (डाव्या हाताचा, घुमणारा) सांगतो. पहिल्या तिरकिटानंतर 'तू ना'ला डग्ग्याचा घुमारा गायब होतो, तो नवव्या मात्रेच्या 'धागे'ला परततो. दुसऱ्या तिरकिटानंतर 'धी ना' आणि लगेच सम. गायक मुखडा (चिजेची समेकडे नेणारी सुरुवात) उचलतो तोही बहुधा इथेच कुठेतरी, तेव्हा सावध बसा. लय फारच संथ असली तर प्रत्येक मात्रेचे चार भाग करून 48 मोजण्याच्या फंदात पडू नका. त्याचे पैसे आम्हाला मिळतात.