चाकातली आग येते कुठून?

प्रश्न : मेलबर्न येथील २०२४ च्या फॉर्म्युला वन शर्यतीत मॅक्स व्हर्स्टापेन यांच्या गाडीच्या मागच्या उजव्या चाकातून धूर आणि ज्वाळा निघाल्या. इतक्या ताकदीचे ब्रेक जोराने दाबल्यामुळे पेटतात का? आंबेनळी घाट उतरल्यावर माझ्या गाडीलाही जळका वास येतो.
– एक वाचक, पोलादपूर

उत्तर : त्या दिवशी ब्रेक सुटलाच नाही, म्हणून आग लागली. शर्यत सुरू झाल्यापासून त्या चाकाचा ब्रेक धरून राहिला होता; चालकाने पाय काढला तरी पॅड (ब्रेकचे घासणारे तुकडे) डिस्कवर (चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीवर) घासतच होते. एरवी शर्यतीच्या गाडीची कार्बनची डिस्क लालभडक होऊन १,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, तरी पुढच्या सरळ रस्त्यावर वारा ती उष्णता वाहून नेतो. उभ्या गाडीला हा वारा मिळत नाही, म्हणूनच पिटमध्ये (शर्यतीच्या मार्गालगतच्या दुरुस्तीच्या जागेत) मेकॅनिक ब्रेकपाशी पंखे लावतात. धरून राहिलेल्या ब्रेकला मात्र उसंत कधीच मिळत नाही.

ही उष्णता किरकोळ नसते. दीड टनाची गाडी ताशी २०० किलोमीटर वेगावरून ब्रेकने थांबवली, तर निर्माण होणाऱ्या सुमारे २३ लाख ज्यूल उष्णतेत सात लिटर पाणी उकळीला येईल; वेग निम्मा असता, तर उष्णता चौथाईच झाली असती.

रस्त्यावरच्या वेगवान गाड्यांची डिस्क बहुधा बिडाची असते. ती स्वतः पेटत नाही. पेट घेतात ते तिच्या लगतचे ग्रीस, रबर, टायर आणि तापलेल्या भागावर गळलेले ब्रेक ऑइल, म्हणजे पेडलचा दाब चाकांपर्यंत पोहोचवणारा द्रव. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट ४ दर्जाचे नवे ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये अशी अट आहे, पण ओलावा मुरलेल्या ऑइलसाठी ती मर्यादा १५५ अंशांवर येते. मग वाफेचे बुडबुडे होऊन पेडल खोल जाते. दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे, हे काम नव्या अलॉय व्हीलइतके मिरवता येत नसले तरी.

आपल्या गाडीचा वास चारही चाकांपाशी सारखाच असेल, तर घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा आणि पायथ्याशी आल्यावर लगेच न थांबता सपाट रस्त्यावर थोडे अंतर सावकाश गाडी चालवून ब्रेक निवू द्यावेत. वास एकाच चाकापाशी असेल, तर ब्रेक धरत असल्याचा संशय घेऊन कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन आणि सरकत्या पिना मेकॅनिककडून तपासून घ्याव्यात. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये. तिला तडा जाऊ शकतो. धूर दिसल्यास मात्र गाडी लगेच थांबवून सर्वांना बाहेर काढावे.