बेसबॉलचे चाहते संघाच्या लाइनअपवरून आणि खेळाडूंच्या अदलाबदलीवरून रोज इतके का चिडतात?

आपण प्रश्नात लिहिले आहे की, बॉस्टनजवळ राहणारे आपले मेहुणे रोज दुपारी फोनवर काहीतरी वाचतात, स्वतःशीच चरफडतात आणि "याला चौथ्या नंबरवर कोणी पाठवले?" असे म्हणत चहा अर्धा टाकून उठतात. हंगामात 162 सामने खेळणाऱ्या संघाच्या एका दिवसाच्या लाइनअपवरून, म्हणजे बॅटिंगच्या क्रमावरून, एवढा संताप कशासाठी, असे आपण विचारले आहे. मी 2001 पासून मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो आणि बॉस्टन रेड सॉक्सचा चाहता आहे. म्हणजे आपल्या मेहुण्यांच्याच जातकुळीतला असल्यामुळे उत्तर देण्याचे धाडस करतो.

आधी आपल्याकडची एक आठवण काढू. 10 जुलै 2019 रोजी मँचेस्टरला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारताचे पहिले तीन फलंदाज पाच धावांत बाद झाले, चौथा संघाच्या 24 धावांवर गेला, आणि तरीही धोनी सातव्या क्रमांकावर आला. त्या दिवशी घरोघरी जो उद्धार झाला तो आपल्याला आठवत असेलच. शिवाय त्याआधी कितीतरी महिने चौथ्या क्रमांकावर कोण, रायुडू की विजय शंकर, यावर चहाच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे खल चालला होता. बेसबॉलचा चाहता नेमका हाच अनुभव मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत जवळजवळ रोज घेतो, फक्त लहान घोटांनी.

आता क्रमाविषयी. बेसबॉलमध्ये नऊ बॅटर ठरलेल्या क्रमाने येतात, नववा झाला की पुन्हा पहिला येतो, आणि एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. सामना नवांपैकी कोणत्याही बॅटरपाशी संपू शकतो, त्यामुळे 162 ला नऊने भागले तर क्रमात एक पायरी खाली उतरवलेल्या बॅटरला सबंध हंगामात साधारण 18 वेळा कमी बॅटिंग मिळते, एवढा हा साधा हिशेब आहे. जाणकारांनी याचा बराच कीस काढला असून, बरा क्रम आणि उत्तम क्रम यांतला फरक हंगामाअखेर एखाददुसऱ्या विजयाहून फारसा अधिक भरत नाही, असे ते सांगतात. मला हे पूर्णपणे पटते. तरीही सामन्याच्या तीन-चार तास आधी लाइनअप जाहीर होते तेव्हा मी हातातले काम बाजूला ठेवतो आणि पहिली नजर फिरवूनच चिडतो, कारण सामन्याआधी चाहत्याला दिसणारी आणि ज्यावर त्याला काही मत देता येईल अशी तेवढी एकच गोष्ट असते.

यातला सर्वांत जुना सल म्हणजे डावे-उजवे. डावखुऱ्या पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, चेंडू डावखुऱ्या बॅटरपासून दूर वळत जातो आणि हातातून सुटताना त्याला नीट दिसतही नाही, म्हणून समोर डावखुरा पिचर असला की मॅनेजर, म्हणजे संघाचा प्रशिक्षक, आपले डावखुरे बॅटर बाकावर बसवतो आणि उजव्या हाताचे पुढे काढतो. वर्षानुवर्षांचे आकडे या रिवाजाच्या बाजूचे आहेत. पण चाहत्यापाशी वर्षानुवर्षे नसतात, आजचे तिकीट असते. माझा मुलगा दहा वर्षांचा असताना आम्ही रेड सॉक्सच्या मैदानावर, फेनवे पार्कला, गेलो होतो. आदल्या रात्री दोन होमरन, म्हणजे आपल्याकडच्या षटकारासारखे फटके, मारणारा त्याचा लाडका डावखुरा खेळाडू त्या दिवशी डगआऊटच्या, म्हणजे खेळाडूंच्या बसण्याच्या जागेच्या, कठड्यावर कोपरे टेकून सूर्यफुलाच्या बिया चघळत, टरफले थुंकत उभा राहिला तो शेवटपर्यंत तिथेच. सातव्या इनिंगमध्ये, म्हणजे डावात, मुलाने विचारले, "बाबा, काल चांगला खेळला म्हणून आज शिक्षा का?" मी त्याला आकडेशास्त्र समजावून सांगू लागलो आणि दोन वाक्यांतच मला माझीच लाज वाटू लागली.

क्रमाहून जास्त जीव घेतो तो पिचर बदलण्याचा निर्णय. 16 ऑक्टोबर 2003 च्या रात्री यांकी स्टेडियममध्ये यांकीजविरुद्धच्या मालिकेचा सातवा, निर्णायक सामना होता. आठव्या इनिंगमध्ये बॉस्टन 5-2 ने पुढे होते आणि आमचा पिचर पेद्रो मार्तिनेझ दमलेला होता, हे घरात सोफ्यावर बसलेल्या मलाही दिसत होते. एक धाव गेल्यावर मॅनेजर ग्रेडी लिटल माउंडपर्यंत, म्हणजे पिचरच्या उंचवट्यापर्यंत, चालत गेले, पेद्रोशी बोलले आणि त्याला तिथेच ठेवून परत आले. तोवर त्याने 115 चेंडू टाकले होते. पुढच्या दोन्ही बॅटरांनी डबल (दोन बेस मिळवून देणारे फटके) मारले, बरोबरी झाली, आणि अकराव्या इनिंगमध्ये ॲरन बूनच्या होमरनने सगळे संपले. काही दिवसांतच लिटल यांचा करार पुढे न वाढवण्याचा निर्णय झाला.

ही गोष्ट मी कित्येक वर्षे "मॅनेजरने आकडे ऐकायला हवे होते" या चालीवर सांगत असे. मग 2020 ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, आली. सहाव्या सामन्यात लॉस अँजेलिस डॉजर्सविरुद्ध टँपा बे संघाचा ब्लेक स्नेल अफलातून पिचिंग करत होता. त्याने नऊ बॅटर स्ट्राइकआऊट (फटका बसू न देता बाद) केले होते, फक्त दोन हिट (बेस मिळवून देणारे फटके) दिल्या होत्या, आणि संघ 1-0 ने पुढे होता. मॅनेजर केव्हिन कॅश यांनी त्याला 73 चेंडूंनंतर सहाव्या इनिंगमध्येच काढले, कारण तोच पिचर तिसऱ्यांदा समोर आला की बॅटरांना तो सोपा जातो, असे आकडे सांगतात. पुढचा बॅटर होता मूकी बेट्स. त्याने नव्या पिचरला डबल मारला, डॉजर्सनी ती इनिंग फिरवली आणि सामना 3-1 ने जिंकून विजेतेपदही घेतले. एका मॅनेजरने आकडे ऐकले नाहीत म्हणून आणि दुसऱ्याने ऐकले म्हणून, असे दोघांनीही शिव्या खाल्ल्या. मी स्वतः दोघांनाही दिल्या आहेत, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

इथवरचा राग हा रोजच्या आमटीतल्या मिठासारखा आहे. जेवण झाले की विसरला जातो. खरे दुखते ते रोस्टरचे, म्हणजे संघात कोण असणार आणि कोण नसणार याचे. मुख्य संघात 26 जागा असतात, त्याभोवती 40 जणांची मोठी यादी असते, आणि यादीतल्या तरुण खेळाडूला साधारणपणे तीन हंगाम मुख्य संघ आणि खालची लीग यांच्यामध्ये हवे तसे खालीवर करता येते. याला "ऑप्शन" असणे म्हणतात. ज्याचे ऑप्शन संपले त्याला खाली पाठवायचे तर आधी इतर संघांपुढे ठेवावे लागते, आणि कोणीही त्याला उचलून नेऊ शकतो. परिणामी चांगला खेळणारा पोरगा रात्रीतून बॅग भरून 65 किलोमीटरवरच्या वुस्टरला, खालच्या लीगमधल्या संघाकडे, रवाना होतो आणि दीडशेच्या सरासरीने चाचपडणारा अनुभवी खेळाडू मुख्य संघात राहतो, कारण पोराला परत आणता येते, त्याला नाही. (बेसबॉलमध्ये दीडशेची सरासरी म्हणजे हजार वेळा दीडशे हिट. आपल्याकडच्या सरासरीशी गल्लत करू नये. माझे वडील बरीच वर्षे करत असत.)

याहून खोल जाणारा एक हिशेब सेवाकाळाचा आहे. मुख्य संघात 172 दिवस भरले की सेवेचे एक वर्ष धरतात, आणि अशी सहा वर्षे झाली की खेळाडू मोकळा होऊन हव्या त्या संघाशी करार करू शकतो. 2015 मध्ये शिकागो कब्जच्या क्रिस ब्रायंटने सरावसामन्यांत नऊ होमरन मारले, तरी त्याला हंगामाच्या सुरुवातीला खाली ठेवून 17 एप्रिलला वर आणले गेले. त्या वर्षी त्याचे 171 दिवस भरले. एका दिवसाने त्याचे मोकळे होणे एक वर्ष लांबले, आणि त्याच वर्षी तो उत्कृष्ट नवोदित खेळाडूही ठरला. पुढे त्याने केलेली तक्रार लवादापुढे फेटाळली गेली. नियमात बसणारे आणि तरीही पाहणाऱ्याला ओशाळे करणारे असे काही असते, त्याचा हा नमुना म्हणावा लागेल.

आता माझ्या संघाकडे येतो. 2018 मध्ये रेड सॉक्सनी 108 सामने आणि वर्ल्ड सिरीज जिंकली. मूकी बेट्स त्या वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. फेब्रुवारी 2020 मध्ये त्याला डेव्हिड प्राइससह लॉस अँजेलिसला देऊन बदल्यात अलेक्स व्हर्दूगो, जीटर डाऊन्स आणि कॉनर वाँग असे तिघे घेतले गेले. पगाराची एकूण रक्कम ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की संघाला लक्झरी टॅक्स भरावा लागतो. त्या वर्षी ही मर्यादा 20.8 कोटी डॉलर होती आणि तिच्या खाली यायचे होते. त्याच जुलैत डॉजर्सनी बेट्सशी 12 वर्षांचा, 36.5 कोटी डॉलरचा करार केला, आणि 2020, 2024 व 2025 अशी तीन विजेतेपदे त्याने तिथे मिळवली. माझ्या कपाटात त्याच्या 50 नंबरचा टी-शर्ट अजून घडी घालून ठेवलेला आहे.

पण मी रडतो म्हणून निर्णय चुकीचाच असतो, असेही नाही. 31 जुलै 2004 रोजी तेव्हा आमच्या संघाचा कारभार पाहणारे थिओ एपस्टीन यांनी नोमार गार्सियापारा याला शिकागोला दिले. 1999 आणि 2000 अशी लागोपाठ दोन वर्षे सरासरीत लीगमध्ये पहिला आलेला, घराघरातल्या मुलांचा देव असलेला हा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) गेला आणि आमच्या ऑफिसात सुतकी कळा पसरली. बदल्यात आलेल्या ओर्लांडो काब्रेराने भरवशाचे क्षेत्ररक्षण दिले. त्याच दिवशी एका वेगळ्या, कोणाच्या नजरेतही न भरलेल्या व्यवहारात डेव्ह रॉबर्ट्स नावाचा एक चपळ खेळाडू आला. ऑक्टोबरमध्ये यांकीजविरुद्ध मालिकेत 0-3 असे मागे असताना, चौथ्या सामन्याच्या नवव्या इनिंगमध्ये एका धावेने पिछाडीवर असताना, त्याने सगळ्या मैदानाला माहीत असूनही दुसरा बेस चोरला, म्हणजे फटक्याची वाट न पाहता पळत गाठला. तो धावून बरोबरी झाली, पुढे डेव्हिड ऑर्टीझने सामना संपवला, आणि त्या महिन्याच्या अखेरीस 1918 नंतरची पहिली वर्ल्ड सिरीज बॉस्टनला मिळाली. ब्रायंटला 171 दिवसांवर रोखणाऱ्या कब्जच्या कारभाराचे प्रमुखही हेच एपस्टीन होते, आणि बेट्सला घेऊन जिंकणाऱ्या डॉजर्सचे मॅनेजर हेच डेव्ह रॉबर्ट्स. या खेळात राग धरावा तरी कोणावर, असे कधीकधी होते.

ऑगस्ट 2022 चा प्रसंग तर डोळ्यांसमोरच घडला. ह्यूस्टनमध्ये सामन्याआधीचा सराव चालू असताना कॅचर (आपल्याकडच्या यष्टिरक्षकासारखा) क्रिस्तियान वास्केझ याला समोरच्याच संघाला दिल्याची बातमी आली. तो मैदानातच वार्ताहरांच्या घोळक्यात अडकला आणि काही वेळाने एका डगआऊटमधून दुसऱ्या डगआऊटकडे निघून गेला. मी तेव्हा संघाच्या कारभाऱ्यांना काय काय म्हटले ते इथे लिहिण्याजोगे नाही. बदल्यात आलेल्या दोन अनोळखी पोरांपैकी विल्यर अब्रेऊने 2024 मध्ये राइट फील्डमधल्या उत्कृष्ट क्षेत्ररक्षणासाठी गोल्ड ग्लव्ह पुरस्कार मिळवला. तो फेनवेच्या अवघड उजव्या कोपऱ्यातून चेंडू फेकतो तेव्हा मी आता टाळ्या वाजवतो, आणि आपले तेव्हाचे बोलणे बायकोला आठवत नसावे अशी आशा करतो.

यावरून माझा राग कुठे येतो ते मला बऱ्यापैकी कळले आहे. खेळाच्या कारणाने घेतलेला निर्णय फसला तर मी आठवडाभर कुरकुरतो. पैशाच्या कारणाने घेतलेल्या निर्णयाला खेळाचे कारण चिकटवून आम्हाला सांगितले जाते, किंवा खेळाडूला एक सांगून पुढच्या महिन्यात दुसरेच मागितले जाते, तेव्हा मात्र वर्षानुवर्षे मन साफ होत नाही.

2025 मधले राफाएल डेव्हर्सचे प्रकरण म्हणूनच आपल्या मेहुण्यांना बोचत असणार. 2023 च्या जानेवारीत त्याच्याशी 31.35 कोटी डॉलरचा करार झाला होता. दोन वर्षांनी डेव्हर्सच्याच जागी, थर्ड बेसवरच्या क्षेत्ररक्षणासाठी, अलेक्स ब्रेगमनला आणले गेले आणि डेव्हर्सला ग्लव्ह बाजूला ठेवून केवळ बॅटिंग करायला सांगण्यात आले. नाराजीने का होईना, त्याने ते मान्य केले. मे महिन्यात फर्स्ट बेसवरच्या ट्रिस्टन कॅसासच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि त्याच डेव्हर्सकडे आता फर्स्ट बेस सांभाळण्याची विचारणा झाली. त्याने नकार दिला, तोही वार्ताहरांसमोर उघडपणे. तो वागला ते शहाणपणाचे नव्हते, असे माझेही मत आहे. एवढा पगार घेणाऱ्याने संघाची अडचण पाहायला हवी होती. पण दोन महिन्यांत दोनदा जागा बदलायला सांगताना त्याच्याशी आधी बोलून घेणे, एवढे तरी कारभाऱ्यांच्या हातात होतेच. 15 जून रोजी, यांकीजविरुद्धचे तिन्ही सामने फेनवेवर जिंकल्यानंतर काही तासांतच, त्याला सॅन फ्रान्सिस्कोला दिल्याची बातमी आली. मी तेव्हा विजयाच्या आनंदात अंगणात शेगडीवर कणसे भाजत होतो, ती जळाली.

बदल्यात आलेल्या चौघांपैकी एक, जेम्स टिब्स, जुलैअखेरीस डॉजर्सकडे गेलासुद्धा. संघाने पुढे 89 सामने जिंकून बाद फेरी गाठली, त्यामुळे "बघा, काही बिघडले का?" असे म्हणणारे भेटतात, आणि यांकीजकडून लगेच हरल्यामुळे "बघा, एक बॅटर कमी पडला" असे म्हणणारेही. 22 जुलैला डेव्हर्स सॅन फ्रान्सिस्कोच्या गणवेशात फर्स्ट बेसवर उभा राहिला. आपल्या मेहुण्यांनी त्या दिवशी चहा घेतला होता का, एवढे विचारून कळवावे.