मशीनचा आकडा म्हणजे मातीतलं तांबं नव्हे

प्रश्न: सर, मी खानापूरची, एमएस्सीला आहे. शेतातली १ ग्रॅम माती ॲसिडमध्ये उकळून ५० मिली केली, एएएसवर (धातूचं प्रमाण मोजणारं मशीन) तांब्याचं रीडिंग १.२ पीपीएम (दहा लाख भागांत १.२ भाग) आलं. मग मातीत १.२ पीपीएमच लिहू काय?

उत्तर: नको गं, तसं लिहू नकोस, इथंच बहुतेकजण चुकतात. १.२ हे त्या द्रावणाचं, म्हणजे लिटरला १.२ मिग्रॅ. आधी ब्लँक, म्हणजे माती न घालता तसंच उकळलेल्या ॲसिडचं रीडिंग, वजा कर, समज ०.१ आलं तर उरलं १.१, त्याला ५० मिलीनं गुणायचं आणि मातीच्या ग्रॅमनं भागायचं, आले ५५ मिग्रॅ प्रति किलो. द्रावण दहापट पातळ करून लावलं असशील तर आणखी १० नं गुण, पण ब्लँकपण तसंच पातळ केलेलं पाहिजे. आणि माती ओव्हनमध्ये वाळवलीस का? ५ टक्के ओल असेल तर खरं वजन ०.९५ ग्रॅमच, उत्तर ५८ च्या आसपास जातं.

विहिरीचं पाणी थेट लावलं तर ब्लँक वजा केलेलं रीडिंग हेच उत्तर, १०० मिली आटवून २५ केलंस तर मात्र ४ नं भाग. शिसं बघणार असशील तर फ्लेमवर, म्हणजे ज्वाळेत मोजणाऱ्या साध्या एएएसवर, भरवसा ठेवू नकोस, पिण्याच्या पाण्याची मर्यादाच ०.०१ मिग्रॅ प्रति लिटर आहे, एवढ्या कमी प्रमाणाला ग्राफाइट फर्नेसच (ग्राफाइटच्या नळीत तापवून मोजणारं, जास्त बारीक पकडणारं एएएस) लाव.