ब्लूटूथ आहे ना, मग काय प्रॉब्लेम?

प्रश्न : ताई, माझे मिस्टर सेल्समध्ये आहेत, आठवड्यातून तीनदा पुणे-सातारा करतात आणि अख्ख्या रस्ताभर फोन चालू, अगदी खंबाटकी घाटातसुद्धा. काही बोललं की म्हणतात, हात स्टिअरिंगवर आहेत, नजर रस्त्यावर आहे, ब्लूटूथवर बोलतोय, तुला काय त्रास? मागच्या महिन्यात मी शेजारी बसलेले, पुढच्या ट्रकचे ब्रेक लाइट लागलेले मला दिसले, त्यांना दिसलेच नाहीत. मी ओरडले म्हणून वाचलो. आता ते म्हणतात तू उगाच घाबरतेस. कसं समजवू? (एक वाचक, सातारा)

उत्तर : तुम्ही अजिबात उगाच घाबरत नाही आहात. आणि एक सांगते, ते खोटंही बोलत नसतील, नजर खरंच रस्त्यावर असेल. डोळे ट्रककडे आणि डोकं क्लायंटच्या पेमेंटमध्ये, मग दिसूनही दिसत नाही. अमेरिकेत युटा विद्यापीठातल्या डेव्हिड स्ट्रेअर यांनी गाडीच्या सिम्युलेटरवर, म्हणजे पडद्यावर रस्ता दिसणाऱ्या नकली गाडीत, हेच तपासलं, 2001 पासून त्यांचे पेपर आहेत, त्यात फोन हातात धरला काय किंवा हँड्सफ्री असला काय, फरक जवळपास नाहीच, ब्रेक उशिराच लागतो. ताशी 60 ने जाताना गाडी एका सेकंदात साधारण 17 मीटर पुढे जाते हो, तीन सेकंद मन दुसरीकडे गेलं तर 50 मीटर!

ते म्हणतील शेजारच्याशी बोलतोच की. पण शेजारी बसलेल्याला वळण दिसतं, तो आपोआप गप्प होतो, तुम्ही तर ओरडलात. फोनवरच्या माणसाला घाट दिसत नाही, तो "बोला ना, ऐकताय ना?" करत राहतो.

2019 साली सुधारलेल्या मोटार वाहन कायद्यात हातातला फोन धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलाय, ब्लूटूथचा तिथे उल्लेख नाही, म्हणून लोकांना वाटतं ते सेफ आहे. पावती फाटत नाही एवढंच.

एक विचारू, रागावू नका. "कुठे पोचलात?" हा फोन तुम्हीही करत असाल ना? मीही वर्षानुवर्षं करायचे, आता बंद केलाय. घरात ठरवून टाका, निघताना एक मेसेज, पोचल्यावर एक, मधे कुणी फोन करायचा नाही. काही फोनमध्ये ड्रायव्हिंग मोड असतो, त्यात समोरच्याला आपोआप मेसेज जातो, तो असेल तर लावून द्या. फारच अर्जंट असेल तर पेट्रोल पंपावर किंवा हॉटेलपाशी गाडी आत घेऊन बोलायचं, हायवेच्या कडेला नाही, तिथे मागून येणारा ट्रक ठोकतो.

प्रश्न : मुलगा 19 वर्षांचा, बाइकवर जाताना फोन हेल्मेटमध्ये कानापाशी खुपसून बोलतो. म्हणतो सगळेच करतात, आणि मॅप तर लावावाच लागतो ना. (एक आई, नाशिक)

उत्तर : मॅपचं ठीक आहे, ऑक्टोबर 2020 पासून नियमातच आहे की फोन फक्त रस्ता बघायला चालतो, तोही लक्ष विचलित होणार नाही असा. निघायच्या आधी लावायचा, चालत्या गाडीवर टाइप करायचं नाही. पण हेल्मेटमध्ये खुपसणं फार वाईट. एक तर हेल्मेट डोक्यावर नीट बसत नाही, दुसरं म्हणजे त्या कानाला मागचा हॉर्न ऐकू येत नाही, आणि फोन घसरला की एक हात हँडलवरून सुटतोच, नेमका खड्डा आला तर? पहिल्यांदा पकडलं आणि केस कोर्टात गेली तर 1,000 ते 5,000 रुपये दंड किंवा 6 महिने ते एक वर्ष कैद अशी तरतूद आहे, हे त्याला सांगाच.

आणि तुमचा फोन त्याने असा उचलला, वाऱ्याचा आवाज आला की लगेच कट करा, "काय रे, जेवायला येतोस का" सुद्धा विचारू नका. चिडेल, चिडू दे. बाइक स्टँडला लावून तो स्वतः फोन करेल तेव्हा बोला.