लॅब्राडॉर रिट्रीव्हर (लॅब) कुत्र्यासाठी ई-कॉलर, म्हणजे रिमोटने हलका विजेचा झटका देणारा पट्टा, घेताय? आधी हे वाचा

नवीन पिल्लू आणलंत, अभिनंदन! पण कॉलरची घाई नको, पिल्लू निदान सहा महिन्यांचं होऊ दे आणि "बस", "ये" हे लांब दोरी नि खाऊवर पक्कं होऊ दे, कारण कॉलर नवीन काही शिकवत नाही, येत असलेलं फक्त पक्कं करते.

घेताना वॉटरप्रूफच घ्या, रिट्रीव्हर पाण्यात उडी मारणारच. झटक्याच्या लेव्हल्स भरपूर हव्यात.

- सगळ्यात खालच्या लेव्हलपासून सुरू करा, कान हलला की तिथेच थांबा. ओरडला म्हणजे जास्त झालं.
- कॉलरच्या आतल्या धातूच्या दांड्या कातडीला टेकल्या पाहिजेत, लॅबची लव दाट असते. रात्री कॉलर काढाच, नाहीतर जखमा होतात.

रागात बटण कधीच नाही! घाबरट किंवा चावऱ्या कुत्र्यावर तर अजिबात नको. फोर्स फेचचं (वस्तू हुकमावर उचलून आणायला दबावाने शिकवणं) नंतर बघू.