२०२४-२५ च्या अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमधून सर्वोत्तम पाच जणांचा संघ निवडायचा तर कोण घ्याल?

सर्वाधिक गुण करणारे पाच जण उचलले की संघ होत नाही, कारण चेंडू एकच असतो. म्हणून आधी पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारा: पर्ड्यू विद्यापीठाचा ब्रेडन स्मिथ. उंची जेमतेम सहा फूट, पण सामन्यामागे आठच्या वर असिस्ट, म्हणजे ज्यावर सहकारी बास्केट करतो असे पास.

त्याच्या जोडीला फ्लोरिडाचा वॉल्टर क्लेटन. राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात ऑबर्नविरुद्ध त्याने ३४ गुण ठोकले. ह्यूस्टनविरुद्धच्या अंतिम सामन्यात मात्र पहिल्या हाफमध्ये पाटी कोरी! तरी शेवटच्या क्षणी ह्यूस्टनचा शार्प थ्री (लांबून तीन गुणांचा फटका) मारायला उडाला, तेव्हा क्लेटन असा अंगावर धावून गेला की शार्पने हवेतच चेंडू सोडून दिला. फ्लोरिडा ६५-६३ ने जिंकली. मला असा माणूस हवा.

विंगवर, म्हणजे कडेच्या जागेवर, ड्यूकचा कॉन निपेल, कारण थ्रीमध्ये ४० टक्क्यांच्या वर नेम. चौथा कूपर फ्लॅग, त्यावर वाद नकोच. गुण, रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर पकडलेला चेंडू), असिस्ट, स्टील (हिसकावलेला चेंडू), ब्लॉक (अडवलेला फटका), सगळ्यांत तो ड्यूकमध्ये पहिला, तेही पहिल्याच वर्षी.

खरी डोकेदुखी सेंटरची, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूची. क्रेटनचा सात फूट एक इंची काल्कब्रेनर चार वेळा बिग ईस्ट या कॉलेजगटाचा सर्वोत्तम बचावपटू. तरीही मी ऑबर्नचा डावखुरा जॉनी ब्रूम घेईन: सामन्यामागे रिबाउंड दहाच्या वर, शिवाय पासही उत्तम. फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोफत फटके) कच्चे आहेत, म्हणून शेवटच्या दोन मिनिटांत काल्कब्रेनरला उतरवायचं.

अलाबामाचा मार्क सिअर्स बाकावर. स्मिथ आणि तो, असे दोन बुटके गार्ड एकदम खेळवले तर बचावाची वाट लागते.