दर ठरवायच्या बैठकीत बसण्याआधी

कोल्हापूरजवळच्या शिरोलीत नवी फाउंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना, टाकलीय ना, मग एक गोष्ट आधी पक्की करा. पिग आयर्न (ओतकामाचं कच्चं लोखंड) महागलं म्हणून सगळ्यांनी मिळून किलोमागे अमुक रुपये वाढवायचे, असं जिथं ठरतंय तिथं थांबू नका. स्पर्धा कायदा 2002 च्या कलम 3 मध्ये हे थेट बसतं. गिऱ्हाइकं वाटून घेणं आणि टेंडरमधलं संगनमतही. दोष दरवाढीत नसतो, मिळून ठरवण्यात असतो. कागद लागत नाही, व्हॉट्सॲपवरचं ‘चालेल’ सुद्धा करार धरलं जातं. दंड असं संगनमत चाललेल्या प्रत्येक वर्षाच्या नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या 10 टक्क्यांपर्यंत, यातला जो जास्त तो. विषय निघालाच तर हरकत सांगा, मिनिट्समध्ये लिहायला लावा आणि उठून या. गप्प बसणं अंगाशी येतं.

मग दर वाढवायचा कसा? आपल्या हिशेबानं. पिग आयर्न आणि भंगाराचा मूळ दर पीओतच (गिऱ्हाइकाच्या खरेदी ऑर्डरमध्ये) लिहून घ्या, तो किती हलला की कास्टिंगचा (ओतीव मालाचा) दर किती हलेल हे सूत्रही. यात यील्ड (वितळवलेल्या धातूतून किती माल निघतो) आणि रिजेक्शन (नापास माल) धरायचं राहतं, आणि तोटा तिथंच होतो.

मोठ्या गिऱ्हाइकानं पैसे अडवले तर स्पर्धा आयोगाचा, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या संस्थेचा, रस्ता लांबचा. गिऱ्हाइकाचं बाजारातलं वर्चस्व सिद्ध करणं जड जातं. त्यापेक्षा पहिला माल जाण्याआधी उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) करा. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेच लागतात. पुढं रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. दाद सूक्ष्म-लघु उद्योगांच्या थकबाकीसाठीच्या सुविधा परिषदेकडे मागायची. नोंदणी नंतर केली, तर आधीच्या बिलांना हे संरक्षण सहसा मिळत नाही.